‘कोच हाकला’ म्हणून झालं, पण गोल कोण करणार?

आजचा भाग चिडलेल्या लोकांसाठी आहे. भारतीय फुटबॉल संघाची मॅच मोबाईलवर बघणारे, नव्वद मिनिटं ‘अरे मार ना गोल!’ म्हणून ओरडणारे आणि शेवटची शिट्टी वाजली की ‘कोचला हाकला’ अशी पोस्ट टाकून झोपणारे. असे आपण बरेच जण आहोत. मीही त्यातलाच.

या रागाला नावं ठेवायला मी आलेलो नाही. राग बरोबर आहे. पण हा राग गेली कित्येक वर्षं आपण एकाच पत्त्यावर पाठवतोय आणि त्या पत्त्यावरचा माणूस दर थोड्या वर्षांनी बदलतोय. कोच जातो, नवा येतो आणि गोल काही होत नाहीत. असं का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल, अगदी १९५२पर्यंत. आधी अलीकडचा हिशेब मांडू.

२०२४चा हिशेब

२०२४मध्ये भारताच्या पुरुष संघाने ११ आंतरराष्ट्रीय मॅच खेळल्या. जिंकल्या किती? शून्य. गोल किती केले? चार.

जानेवारीत कतारला आशियाई कप होता. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन मॅच आणि एकही गोल नाही. मार्चमध्ये अफगाणिस्तानविरुद्ध वर्ल्ड कप पात्रतेच्या दोन मॅच. पहिली ०-०. दुसरी गुवाहाटीला, आपल्या घरच्या मैदानावर. सुनील छेत्रीची ती १५०वी आंतरराष्ट्रीय मॅच. त्याने पेनल्टीवर गोल केला आणि तरीही आपण १-२ हरलो. जूनमध्ये कोलकात्याला कुवेतशी ०-० आणि तीच छेत्रीची निरोपाची मॅच. मग कतारकडून १-२. त्या मॅचमध्ये कतारचा पहिला गोल बॉल रेषेबाहेर गेल्यावर झाला, यावरून किती गदारोळ झाला तुम्हाला आठवत असेल. पण त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. मुळात आपण त्या एका निर्णयावर अवलंबून राहावं अशी वेळ आपल्यावर का आली? अफगाणिस्तान आणि कुवेतविरुद्धच्या त्या तीन मॅचमध्ये आपण मिळून एक गोल केला होता, तोही पेनल्टीवर.

१७ जून २०२४ला कोच इगोर स्टिमाच यांना काढलं. सोशल मीडियावर ‘स्टिमाच आऊट’ म्हणणारे खूश झाले. मग मानोलो मार्केझ आले. मॉरिशसशी ०-०, सीरियाकडून ०-३, व्हिएतनामशी १-१, मलेशियाशी १-१. वर्ष संपलं.

आता ते चार गोल कोणाचे बघा. एक छेत्रीची पेनल्टी, तेव्हा तो ३९ वर्षांचा. एक लालियानझुआला छांगटेचा, तो विंगर. एक फारुख चौधरीचा. आणि एक राहुल भेकेचा, आपला मुंबईचा, पण तो बचावपटू. कॉर्नर आला आणि त्याने हेडर मारला. म्हणजे वर्षभरात दोन कोच झाले आणि ‘हा आमचा स्ट्रायकर’ असं बोट दाखवावं असा माणूस दोघांनाही मिळाला नाही.

दहा गोल खाल्ले, तरी कोच राहिला

याच सगळ्या गोंधळात, एप्रिल २०२४मध्ये, ‘मैदान’ हा सिनेमा आला. अजय देवगणने त्यात सय्यद अब्दुल रहीम यांचं काम केलंय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रहीमसाहेबांचं नाव तिथेच पहिल्यांदा ऐकलं असणार.

रहीम हैदराबादचे. पेशाने शिक्षक, म्हणून सगळे त्यांना रहीमसाब म्हणायचे. १९५१ला दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, तिथे इराणला १-० हरवून भारताने सुवर्ण जिंकलं. गोल साहू मेवालालचा. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिक. समोर युगोस्लाव्हिया. स्कोर काय? १०-१. दहा त्यांचे, एक आपला. आपले बरेच खेळाडू थंडीत, ओल्या मैदानावर, अनवाणी खेळले होते.

आज असा निकाल लागला असता तर कोचला विमानतळावरूनच घरी पाठवलं असतं. तेव्हाही टीका झालीच. पण झालं काय, तर महासंघाने बूट सक्तीचे केले आणि चार वर्षांनी, १९५६च्या ऑलिम्पिकला, भारताचे कोच पुन्हा रहीमच होते.

आता इथे ‘बघा, कोचला वेळ दिला की सगळं होतं’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण नुसता वेळ देऊन काही होत नाही. त्या वेळेत रहीम काय करत होते ते बघायला पाहिजे.

ते फक्त देशाच्या संघाचे कोच नव्हते. हैदराबाद सिटी पोलीस या क्लबचेही कोच होते. या क्लबने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला. रोव्हर्स कप म्हणजे आपल्या मुंबईची स्पर्धा, कूपरेजवर व्हायची. तेव्हाच्या मुंबईकरांनी हा संघ पाच वर्षं डोळ्यांसमोर जिंकताना पाहिलाय.

शिवाय रहीम हैदराबादमध्ये पोरांसाठी गमतीशीर स्पर्धा भरवायचे. एका स्पर्धेत ड्रिबल करायला बंदी. बॉल आला की पास द्यायचा, बस. दुसऱ्या स्पर्धेत फक्त कच्च्या पायाने खेळायचं. उजवा पाय चालतो ना तुझा? मग आज डाव्यानेच मार. ऐकायला खेळ वाटतो, पण यात काय शिकवलं जातंय बघा. पेनल्टी बॉक्समध्ये फॉरवर्डला विचार करायला सेकंदही मिळत नाही. बॉल ज्या पायाशी येईल त्याच पायाने मारावा लागतो. ही गोष्ट नॅशनल कॅम्पमध्ये दहा दिवसांत येत नाही. ती बाराव्या-चौदाव्या वर्षी अंगात मुरावी लागते.

गोव्याचा नेव्हिल

१९५६, मेलबर्न. पहिल्या फेरीत हंगेरीविरुद्ध आपल्याला चाल मिळाली. मग १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ. भारत जिंकला ४-२ आणि त्यातले तीन गोल एकाच माणसाचे, नेव्हिल डिसूझाचे.

नेव्हिल मूळचा गोव्यातल्या आसगावचा आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळायचा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. सेमीफायनलला पुन्हा तीच युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल मारले, त्यांच्याविरुद्ध नेव्हिलने भारताला १-० असं पुढे नेलं. शेवटी आपण १-४ हरलो, कांस्यपदकाच्या मॅचमध्येही बल्गेरियाकडून हरलो आणि चौथे आलो. पण स्पर्धेतले सर्वाधिक म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांमध्ये नेव्हिल होता. बाकीचे दोघे युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाचे.

माझ्या ओळखीतल्या फुटबॉलवेड्या पोरांना हालांडचे या सीझनचे गोल पाठ असतात, पण नेव्हिल डिसूझा हे नाव माहीत नसतं. दोष त्यांचा नाही, कोणी सांगितलंच नाही.

१९६०ला रोममध्ये आपण ग्रुपमधूनच बाहेर पडलो. हंगेरीकडून १-२, फ्रान्सशी १-१, पेरूकडून १-३. पण एक लक्षात आलं का? तिन्ही मॅचमध्ये गोल केला. हरतानाही समोरच्याच्या जाळ्यात बॉल जात होता.

आणि १९६२, जकार्ता. आशियाई खेळ. पहिल्याच मॅचमध्ये दक्षिण कोरियाकडून ०-२. मग थायलंड ४-१, जपान २-०, सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनाम ३-२ आणि ४ सप्टेंबरला फायनलमध्ये परत दक्षिण कोरिया. राजकारणावरून वाद पेटला होता आणि स्टेडियममधली गर्दी भारताच्या विरोधात ओरडत होती. आपण पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल केले आणि २-१ने जिंकलो. पाच मॅच, अकरा गोल, सुवर्णपदक.

फायनलचा एक गोल पी. के. बॅनर्जींचा. दुसरा जर्नेल सिंगचा आणि जर्नेल सिंग हा खरं तर बचावपटू! स्पर्धेत त्याच्या डोक्याला जखम झाली होती, टाके पडले होते. रहीमनी त्याला मागे न ठेवता सेंटर फॉरवर्डला नेलं. पुढे खेळायची त्याला पूर्वीपासून सवय होती, हे त्यांना माहीत होतं.

म्हणजे १९६२लाही बचावपटूने गोल केला आणि २०२४लाही. फरक एवढाच की जर्नेलच्या आजूबाजूला पी. के., चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम होते. बचावपटूला पुढे आणणं ही रहीमची चाल होती. भेकेच्या वेळी दुसरं कोणी गोल करत नव्हतं.

आता हे तिघे कुठून आले? पी. के. ईस्टर्न रेल्वेकडून खेळायचे, चुनी मोहन बागानकडून, बलराम ईस्ट बंगालकडून. दर आठवड्याला, भरलेल्या मैदानांवर, आपापल्या क्लबच्या आक्रमणाची जबाबदारी त्यांच्याच खांद्यावर होती. रहीमना देशासाठी फॉरवर्ड ‘तयार’ करावे लागले नाहीत. ते क्लबमध्ये रोज तयार होत होते. रहीमनी त्यांना एकत्र कसं खेळायचं ते शिकवलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी परत येणार आहे.

तेरा मॅच, सात गोल

११ जून १९६३ला रहीमसाहेब कॅन्सरने गेले. पुढच्याच वर्षी, १९६४ला, आशियाई कपमध्ये आपण उपविजेते झालो. तीन मॅचमध्ये पाच गोल. गाडीचं इंजिन बंद झालं तरी उतारावर ती थोडी पुढे जाते ना, तसं. १९७०ला आशियाई खेळांत कांस्य मिळालं आणि मग उतारही संपला. ऑलिम्पिकला तर आपण १९६०नंतर गेलोच नाही.

आता मी तुम्हाला एक छोटी यादी सांगतो. १९६४नंतर भारत चार वेळा आशियाई कपला पोचला.

१९८४, सिंगापूर. कोच मिलोवान चिरिच, युगोस्लाव्हियाचे. चार मॅच, गोल शून्य.

२०११, कतार. कोच बॉब हाउटन, इंग्लंडचे. तीन मॅच, गोल तीन.

२०१९, संयुक्त अरब अमिराती. कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन, तेही इंग्लंडचे. तीन मॅच, गोल चार. चारही गोल एकाच मॅचमध्ये, थायलंडविरुद्ध.

आणि २०२४च्या जानेवारीतला कतारचा आशियाई कप, ज्याला अधिकृतपणे २०२३चा म्हणतात. कोच इगोर स्टिमाच, क्रोएशियाचे. तीन मॅच, गोल शून्य.

बेरीज करा. तेरा मॅच, सात गोल. थायलंडची मॅच बाजूला काढली तर बारा मॅचमध्ये तीन.

हे चारही कोच एकमेकांपेक्षा किती वेगळे होते! हाउटन लांब पास आणि शिस्तीवाले. कॉन्स्टंटाइन मजबूत, धावणाऱ्या पोरांवर विश्वास ठेवणारे. स्टिमाच म्हणायचे, आपण मागून पास देत खेळायचं. चाळीस वर्षं, चार माणसं, चार पद्धती आणि उत्तर जवळपास एकच. गणितात असं झालं तर आपण काय म्हणतो? चूक शेवटच्या पायरीत नाही, वर कुठेतरी आहे.

नऊ नंबरची जागा कोणाची?

तर वर जाऊ या. क्लबमध्ये.

१९९६-९७ला नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली. पहिल्याच सीझनमध्ये सर्वाधिक गोल कोणाचे? जेसीटीच्या बायचुंग भुतियाचे, १४. पुढच्या सीझनला रमन विजयनही त्या यादीत वर होता. म्हणजे तोवर क्लबांमध्ये पुढे खेळणारा भारतीय माणूस दिसत होता.

इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, २०१४ला आली. चांगली मैदानं आली, पगार वाढले, टीव्हीवर दर्जेदार प्रक्षेपण आलं. हे मान्य करायलाच हवं. पण सुरुवातीला मैदानावर एका वेळी सहा परदेशी चालायचे. मग पाच झाले, २०२१-२२पासून चार. आता तुम्ही एखाद्या क्लबचे कोच आहात असं समजा. तुम्हाला चार परदेशी खेळवता येतात. कुठे खेळवाल? जिथे मॅच ठरते तिथे. एक मागे मध्यभागी, एक-दोन मिडफिल्डला आणि एक नक्की पुढे, नऊ नंबरला. मालकाला निकाल पाहिजे, तुमची नोकरी निकालावर. मग वीस वर्षांच्या भारतीय पोराला पुढे ठेवून, ‘चार संधी घालव पण पाचवी मार’ असं म्हणायची चैन तुम्हाला परवडते का? नाही परवडत. मीही त्या खुर्चीत असतो तर परदेशीच घेतला असता.

परिणाम काय? २०१४ ते २०२४-२५, अकरा सीझन. गोल्डन बूट अकराही वेळा परदेशी खेळाडूला. एकदाही भारतीय नाही. २०२४-२५मध्ये भारतीयांमध्ये सर्वाधिक गोल कोणाचे होते माहितीये? सुनील छेत्रीचे, १४. वय चाळीस.

आणि जो पोरगा स्ट्रायकर म्हणून आला त्याचं काय होतं? तो बाजूला सरकतो. विंगवर जातो. काही जण अजून मागे, बॅकला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव आठवतो का? २०१७ला भारतात १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, त्यात तो भारताच्या संघात पुढे खेळला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला मुलगा. पुढे आयएसएलमध्ये तो बहुतेक वेळा विंगवर दिसला. यात अनिकेतचं काही चुकलं असं नाही आणि त्याला विंगवर लावणाऱ्या कोचचंही नाही. जागाच नव्हती.

मग नॅशनल कोच येतो. त्याला वर्षातून काही वेळा आठ-दहा दिवस खेळाडू मिळतात. संघात विंगर भरपूर. छांगटे, लिस्टन कोलासो, मनवीर सिंग, सगळे वेगवान. कडेने पळतात, क्रॉस टाकतात. आणि क्रॉस ज्याच्या डोक्यावर जायचा तो माणूस आठवडाभर क्लबच्या बाकावर बसलेला असतो. आपण टीव्हीसमोर ओरडतो, ‘अरे बॉक्समध्ये कोणीच नाही!’ बरोबर आहे. बॉक्समध्ये कोणीच नाही, कारण त्या जागेची भरती बंद आहे.

हे इतकी वर्षं आपल्या लक्षात कसं आलं नाही? उत्तर एका नावात आहे: छेत्री. २००५ला त्याने पदार्पण केलं, पहिल्याच मॅचमध्ये पाकिस्तानविरुद्ध गोल केला आणि जून २०२४पर्यंत ९४ गोल झाले. एका माणसाने एकोणीस वर्षं गळकं छप्पर हाताने धरून ठेवलं. तो बाजूला झाला आणि मार्च २०२५मध्ये त्यालाच परत बोलवावं लागलं. १९ मार्चला शिलाँगला मालदीवविरुद्ध आपण ३-० जिंकलो. ४८९ दिवसांनी मिळालेला विजय. गोल कोणाचे? भेके, लिस्टन आणि छेत्री. परत तेच, एक बचावपटू, एक विंगर आणि एक चाळिशीतला निवृत्त माणूस.

मग कोचचा काहीच दोष नाही?

आहे ना. असं समजू नका की मी सगळ्या कोचना सोडून देतोय.

मार्केझ भारताचे कोच झाले तेव्हा ते एफसी गोवाचेही कोच होते. दोन्ही नोकऱ्या एकाच वेळी. महासंघाने ते मान्य केलं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. आठ मॅचमध्ये एक विजय मिळाला आणि जून २०२५मध्ये हाँगकाँगविरुद्ध भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर हरल्यावर काही दिवसांनी ते गेले. स्टिमाच यांनीही २०२३ला सॅफ कप जिंकून दिला, मग पुढच्या सहा महिन्यांत सगळं विस्कटलं. त्याची जबाबदारी त्यांचीही आहेच.

चांगला कोच फरक पाडतो हेही खरं. मार्च २०१५ला आपण जागतिक क्रमवारीत १७३वे होतो, कॉन्स्टंटाइन यांच्या काळात जुलै २०१७ला ९६वे झालो. पण हा फरक प्रामुख्याने कशाने पडला? कमी गोल खाण्याने आणि छेत्री-जेजे यांच्या गोलांवर. कोच बचाव शिकवू शकतो, शिस्त लावू शकतो. जो नेमबाज घडवलाच गेला नाही, तो दहा दिवसांत आणू शकत नाही.

याचा पुरावा नंतर लगेच मिळाला. ऑगस्ट २०२५ला खालिद जमील कोच झाले. आपल्यापैकी कित्येक जण म्हणत होते ना, भारतीय कोच आणा, आपल्या पोरांना ओळखणारा आणा? खालिद म्हणजे महिंद्रा युनायटेडकडून खेळलेला, मुंबई एफसीला वर्षानुवर्षं सांभाळलेला, २०१६-१७ला आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारा माणूस. यापेक्षा चांगली निवड कोणती? सुरुवात झकास झाली. मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टी शूटआऊटवर हरवून तिसरा नंबर.

मग आशियाई कपच्या पात्रता मॅच. सिंगापूरला १-१, शेवटच्या मिनिटांत रहीम अलीचा गोल. तोही २०१७च्या त्याच ज्युनियर संघातला. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर त्याच सिंगापूरकडून १-२. छांगटेने आघाडी मिळवून दिली होती, तरी हरलो. तिथेच २०२७च्या आशियाई कपचं दार बंद झालं. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडून ०-१. पात्रतेच्या पहिल्या पाच मॅचमध्ये आपले एकूण गोल किती? दोन.

स्पॅनिश कोच गेला, भारतीय आला. आकडा तिथेच.

अंधेरीत काय झालं होतं

मग आपण चाहत्यांनी काय करायचं? गप्प बसायचं? अजिबात नाही. चाहत्यांच्या आवाजात दम असतो आणि त्याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे.

१ जून २०१८. अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरिना. भारत विरुद्ध चायनीज तैपेई. भारत ५-० जिंकला, छेत्रीची हॅटट्रिक. आणि बघायला किती लोक? जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला. सांगणं साधं होतं. आमच्यावर टीका करा, आम्हाला शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये येऊन द्या. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच होती. तिकिटं संपली. पाऊस होता, तरी स्टेडियम भरलं. भारत ३-० जिंकला, छेत्रीचे दोन गोल.

तीन दिवसांत हे झालं. का झालं? कारण मागणी नेमकी होती. ‘भारतीय फुटबॉल सुधारा’ असं तो म्हणाला नाही. ‘सोमवारी या’ असं म्हणाला. लोक आले.

‘कोच हाकला’ ही मागणीही नेमकीच आहे, म्हणून ती दर वेळी मान्य होते. महासंघासाठी ती सगळ्यात सोपी मागणी आहे. एक पत्र काढायचं, एक जाहिरात द्यायची, पुढची दोन वर्षं शांत. आपल्या रागाची वाफ निघून जाते आणि क्लबमधली ती नऊ नंबरची जागा जशीच्या तशी राहते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की तितकीच नेमकी, पण वेगळी मागणी करू या. तुमचा क्लब कोणताही असो, मुंबई सिटी असो, एफसी गोवा असो, बंगळुरू असो. मॅच झाली की स्कोरसोबत एक गोष्ट बघा. आज भारतीय स्ट्रायकर पुढे किती मिनिटं खेळला? विंगवर नाही, पुढे. सीझनभर मोजा. क्लबच्या पोस्टखाली तोच प्रश्न विचारा. भारतीय पोरगा पुढे उतरला आणि त्याने सोपी संधी घालवली, तर लगेच त्याला ट्रोल करू नका. कारण क्लबचा कोच तुमचा आवाज ऐकत असतो. पहिल्या चुकीला तुम्ही बोंब मारलीत की पुढच्या मॅचला तो पोरगा बाकावर आणि परदेशी मैदानावर.

आणि जवळच्या मैदानावर जा. कूपरेजला जा, कोल्हापुरात असाल तर शाहू स्टेडियमला तुम्ही जातच असाल. बारा-चौदा वर्षांची पोरं काय खेळतात बघा. त्यांचा कोच त्यांना डाव्या पायाने मारायला लावतो का, बघा. रहीमसाहेबांनी हे सत्तर वर्षांपूर्वी हैदराबादच्या मैदानांवर केलं होतं आणि त्याला मोठं बजेट लागलं नव्हतं.

भारताची पुढची मॅच असेल तेव्हा ओरडा, जोरात ओरडा. मीही ओरडणार आहे. फक्त नव्वद मिनिटांनंतर, पोस्ट टाकायच्या आधी, एकदा स्वतःला विचारा की आज संघात पुढे जो खेळत होता, तो गेल्या महिन्यात क्लबकडून पुढे किती वेळा खेळला. उत्तर मिळालं की ती पोस्ट कोणाला टॅग करायची ते आपोआप कळेल.

आजच्यासाठी इतकंच. भाग आवडला तर तुमच्या त्या एका मित्राला पाठवा, ज्याला हालांडचे गोल पाठ आहेत. त्याला नेव्हिल डिसूझाचे तीन गोल सांगा. पुढच्या भागात भेटू.